सातबारा टीव्हीवर, स्टूल टीव्हीसमोर

ठाणे जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून, थोडक्यात देते.

"आमचं वन बीएचके. मी, मिस्टर, नववीतली मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ७४, एसटीतून निवृत्त. मागच्या दिवाळीत आम्ही ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. उन्हाळ्यात अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि तेव्हापासून त्यांनी टीव्हीवर इंटरनेट बघायला सुरुवात केली. गावच्या जमिनीचा सातबारा, कोकणातला पाऊस, बातम्या, मधेच कुठली तरी जुनी नाट्यगीतं. बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आणून टीव्हीसमोर तीन फुटांवर बसतात आणि रिमोटनं एकेक अक्षर शोधत टाइप करतात. एक वाक्य लिहायला दहा मिनिटं. तोवर आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत बसतो. सासूबाईंची सात वाजताची मालिका रोज बुडते. मुलीच्या मैत्रिणी आल्या की तिला कसंनुसं होतं. एकदा तर त्यांनी पाहुण्यांसमोर बँकेची साइट उघडली. मिस्टरांनी टॅब आणून दिला, तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. टीव्ही सगळ्यांचा असतो, इंटरनेट आपापल्या फोनवर करायचं असतं, हे त्यांना न दुखावता कसं सांगू?

त्यात आणखी एक. मी फोनवर जे व्हिडिओ बघते ते टीव्हीच्या यूट्यूबवर आपोआप येतात. मध्यंतरी मी भाड्याच्या टू बीएचकेचे व्हिडिओ बघत होते. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सगळी तीच रांग. अण्णांनी विचारलं, 'हल्ली भाडी किती आहेत गं?' मी काहीच बोलले नाही."

ताई,

तुम्ही विचारलंय ते "कसं सांगू" एवढंच. काय सांगायचं ते तुमचं आधीच ठरलंय. मी मात्र तुमचं पत्र वाचताना त्या प्लास्टिकच्या स्टुलापाशी अडखळले.

टीव्ही मोठा, म्हणजे अक्षरं मोठी, म्हणून अण्णांना टीव्ही लागतो, असा तुमचा समज दिसतो. टॅब आणणाऱ्या मिस्टरांचाही तोच हिशेब असणार: टीव्ही नको तर फोनपेक्षा जरा मोठं काही तरी देऊ. पण मग माणूस सोफा सोडून स्टुलावर का जाऊन बसेल?

मोतीबिंदू काढताना डोळ्यात जे कृत्रिम भिंग बसवतात, ते बहुतेक वेळा एकाच अंतरासाठीचं असतं आणि ते अंतर सहसा लांबचं ठेवतात. समोरून येणाऱ्या बसची पाटी स्वच्छ दिसते, हातातलं औषधाचं पाकीट दिसत नाही. आपल्या मूळच्या भिंगासारखं ते जवळ-लांब जुळवून घेत नाही. आता अण्णांचं गणित पाहा. फोन किंवा टॅब धरला जातो फूट-सव्वा फुटावर, तिथे सगळं धूसर. टीव्ही सोफ्यावरून आठ-नऊ फुटांवर, तिथे सगळं स्पष्ट पण अक्षर बारीक. तीन फुटांवर मात्र अक्षर पुरेसं मोठं होतं आणि धूसरपणाही चालवून घेण्याइतकाच उरतो. अण्णांनी कुणालाही न विचारता स्वतःच्या डोळ्यांसाठी बरोबर जागा शोधून काढलीय. तुम्हाला तो हट्ट वाटला, एवढंच.

म्हणून पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारते. ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यानं जवळचा नंबर काढून चष्मा करायचा असतो, तो केला का? पत्रात चष्म्याचा उल्लेखच नाही. माझ्या आईनं ऑपरेशननंतर सहा महिने जुनाच चष्मा लावला होता, का तर फ्रेम नवी होती. आम्ही समजत होतो, हिचं वाचनातलं लक्ष उडालं. आज संध्याकाळी अण्णांच्या हातात पेपर द्या आणि ते तो कुठे धरतात एवढं बघा. हात लांब करून, मान मागे घेऊन वाचत असतील तर तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर चष्म्याच्या दुकानात आहे. ड्रॉवरमधला टॅबही मग कदाचित बाहेर येईल. आणि जर लांबचंही पुन्हा धुरकट व्हायला लागलं असेल, तर दुकानात नको, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांच्या भिंगामागे पुन्हा पडदा धरतो, तो लेझरनं साफ करता येतो.

पण चष्मा आला की अण्णा टीव्ही सोडतील असं काही मी तुम्हाला सांगत नाही. सोडतीलच कशाला?

तुम्ही लिहिता, टीव्ही सगळ्यांचा. बरोबर. पण वन बीएचकेमध्ये सासू-सासरे झोपतात कुठे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक घरांसारखं असेल तर हॉलमध्ये. म्हणजे तुमच्या लेखी जो हॉल आहे, तीच अण्णांची खोली. तुम्हाला, मिस्टरांना आणि मुलीला दार लावून फोन बघायला एक खोली तरी आहे. अण्णांना ती नाही. त्यांनी काहीही वाचलं, शोधलं, विचारलं तरी ते चारचौघांतच होणार. तेव्हा "इंटरनेट आपापल्या फोनवर करायचं असतं" हा नियम ऐकायला सरळ आहे, पण तो दार असलेल्यांनी केलेला आहे. हे दोष म्हणून लिहीत नाही. जागाच तेवढी आहे, त्याला तुम्ही तरी काय करणार. फक्त त्यांच्याशी बोलायला जाल तेव्हा हे मनात असू द्या, शब्द आपोआप वेगळे येतील.

आणि टीव्हीवर एकट्यानं काही करणं आपल्याला खटकतं, त्याला जुनी सवयही आहे. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि नंतर कितीतरी वर्षं चाळीतल्या एका घरात टीव्ही आणि दारापर्यंत बसलेली माणसं, असंच चाललं. टीव्ही म्हणजे सगळ्यांनी लांबून बघायची वस्तू. इंटरनेटचं उलटं. ते एकाच्या हातात असतं आणि दर मिनिटाला त्याला काहीतरी दाबायचं असतं. दोन्हीची सांगड घालायचा उद्योग आजचा नाही. अमेरिकेत १९९६ साली 'वेबटीव्ही' नावाचा एक डबा आला. तो टीव्हीला आणि टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि सोफ्यावर बसून ईमेल वाचायची. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली आणि ती सेवा २०१३ पर्यंत चालली. तिच्या ग्राहकांत वयस्कर माणसं बरीच होती, म्हणजे अण्णांची मंडळी जुनी आहे. तक्रारीही याच: लिहायचं कसं, आणि अक्षर दिसायचं कसं.

अक्षराचं आधी सांगते, कारण तिथे बहुतेक जण फसतात. तुमचं पत्र आल्यावर मी घरी पट्टी घेऊन मोजलं. आमचाही टीव्ही ४३ इंचीच आहे, पडदा रुंदीला ९५ सेंटिमीटर. त्याला लॅपटॉप जोडला आणि बातम्यांचं पान काही न बदलता उघडलं तर अक्षर भरलं जेमतेम पाच मिलिमीटर उंच. पेपरातलं अक्षर साधारण दोन मिलिमीटर, पण तो आपण हातभर अंतरावर धरतो. तेवढंच मोठं अक्षर आठ फुटांवरून दिसायला हवं असेल तर पडद्यावर ते बारा मिलिमीटर पाहिजे. म्हणजे जसंच्या तसं उघडलेलं पान आठ फुटांवरून पेपरपेक्षा अडीच पट बारीक दिसतं! मोठा पडदा, मोठी अक्षरं हा नुसता भास. पान २०० ते २५० टक्के मोठं केल्याशिवाय सोफ्यावरून वाचणं होत नाही, आणि ते केलं की स्टुलाची गरज संपते. स्टूल हललं की पाठीमागच्यांनाही पडदा दिसायला लागतो. अण्णांचा सातबारा मग तुम्हीही वाचू शकता, तो एक वेगळाच विषय.

आता लिहिण्याचं. रिमोटच्या चार बाणांनी अक्षरं गाठायची हे काम कुणालाही नको होईल. अण्णांचा सातबाराच घ्या. महाभूलेखच्या साइटवर आधी विभाग निवडायचा, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गट नंबर, मग मोबाइल नंबर, आणि एवढं झाल्यावर वेड्यावाकड्या अक्षरांचा तो कोड ओळखून टाकायचा. बाणानं खाली सरकत गावाच्या यादीत आपलं गाव गाठेपर्यंत हात दुखतो. त्यात कोड चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं करून अण्णा सातबाऱ्यापर्यंत पोचतात याबद्दल खरं तर त्यांना घरातून शाबासकी मिळायला हवी होती.

त्यात टीव्हीतला ब्राउझर, म्हणजे साइट उघडायचं ॲप, मुळात अर्धवट असतो. सॅमसंग आणि एलजीच्या स्मार्ट टीव्हींत कंपनीचाच ब्राउझर येतो. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्हीत बहुधा क्रोम नसतो, मग 'टीव्ही ब्रो'सारखं एखादं ॲप प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं. फायर स्टिक असेल तर सिल्क. बातमी वाचायला, हवामान बघायला हे पुरतं. फॉर्म भरायचे, पीडीएफ उतरवून घ्यायची, असं काही आलं की अडतं. टीव्हीचा प्रोसेसर मोबाइलपेक्षाही साधा असतो, आणि काही वर्षांनी बऱ्याच कंपन्या त्याच्या अपडेटकडे फारसं बघत नाहीत.

माझं मत विचाराल तर टीव्हीला फक्त पडदा मानावं आणि डोकं दुसरीकडून आणावं. घरात मिस्टरांचा किंवा मुलीचा जुना लॅपटॉप असेलच, बॅटरी गेलेला असला तरी चालेल, चार्जर लावून ठेवायचा. तीन-चारशे रुपयांची एचडीएमआय केबल आणि हजार-दीड हजारांत मिळणारा वायरलेस कीबोर्ड-माउसचा जोड, एवढाच खर्च. केबल लावली की कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. पान मोठं करायला कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह. एक बारीकशी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून 'पीसी' करता येतं. ते केलं की अक्षरांच्या कडा, विशेषतः रंगीत अक्षरांच्या, एकदम कापल्यासारख्या स्वच्छ होतात. नाही केलं तर टीव्ही त्या अक्षरांना सिनेमा समजून मऊ करत बसतो. पानाच्या कडा पडद्याबाहेर जात असतील तर चित्राच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काहीतरी सापडेल, ते चालू करा.

मराठी लिहिण्यासाठी विंडोजमध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरं दाबली की देवनागरी उमटतं. पण खरं सांगू? ७४व्या वर्षी कीबोर्ड शिकण्यापेक्षा बोलणं सोपं. फोनच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी घेतलं आणि माइकचं चिन्ह दाबलं की "रत्नागिरी पावसाचा अंदाज" हे बोलताच लिहिलं जातं. मग फोनचा पडदा 'कास्ट' करून टीव्हीवर पाठवायचा. फोन उभा धरला तर टीव्हीवर मधोमध एक चिंचोळी पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना काळं. बरेच जण तिथेच "आमच्या टीव्हीवर चालत नाही" म्हणून सोडून देतात. फोनचं ऑटो रोटेट चालू करा आणि फोन आडवा करा, पान पडदाभर येतं. यात एक गैरसोय आहे. मधेच कुणाचा मेसेज आला तर तोही पडदाभर येतो. अण्णांच्याच फोनवरून कास्ट करावं, तुमच्या नको.

लॅपटॉप नसेल आणि घ्यायचाही नसेल, तर निदान टीव्हीच्या मागच्या यूएसबीत तो वायरलेस कीबोर्ड-माउस लावून बघा. बऱ्याच टीव्हींत तो लगेच चालतो. बाणांपेक्षा कितीतरी बरा.

तो बँकेचा प्रसंग तुम्ही एका वाक्यात उरकलाय, मी मात्र तिथे कडक होणार. टीव्हीवर पैशाचं काही नाही. बँक नाही, पेन्शनचं खातं नाही, यूपीआय नाही. अण्णांवर अविश्वास म्हणून नव्हे. टीव्हीवर पासवर्ड टाकताना चौकटीत ठिपके उमटतात खरे, पण खालच्या कीबोर्डवर प्रत्येक अक्षर उजळत जातं आणि खोलीभर माणसं ते वाचू शकतात. त्या दिवशी पाहुण्यांनी वाचलं असेल असं मी म्हणत नाही, पण पासवर्ड बदलून टाका. तसंच टीव्हीवर "तुमच्या टीव्हीत व्हायरस शिरला आहे, या नंबरवर फोन करा" अशी पाटी आली तर फोन करायचा नाही, टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करायचा. कुणी लिंक पाठवून "हे ॲप टीव्हीत टाका, सगळे सिनेमे फुकट" म्हणालं तर ते टाकायचं नाही. आणि इतकं सांभाळूनही कधी पैसे गेलेच तर रागावत बसण्यात वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. घरातली म्हातारी माणसं फसल्यावर गप्प बसतात ती बहुतेक वेळा मुलांच्या बोलण्याच्या भीतीनं. हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी चिकटवा, आणि हा नियम फक्त अण्णांना नाही तर घरातल्या सगळ्यांना आहे असं सांगा. मुलीलासुद्धा.

सात वाजताच्या मालिकेचं काय? तुम्ही लिहिलंय "सासूबाईंची मालिका बुडते". सासूबाई काय म्हणतात ते मात्र पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारलंय का? कदाचित त्या खरंच वैतागल्या असतील. कदाचित त्या मालिकेला कधीच्याच कंटाळल्या असतील आणि नवऱ्याच्या पाठीमागे बसून नाट्यगीतं ऐकणं त्यांना बरं वाटत असेल. दुसऱ्याच्या तक्रारीचं ओझं आपण न विचारता उचलतो आणि मग पाठ आपलीच दुखते. विचारा, आणि त्या "मला मालिका हवी" म्हणाल्या तर अण्णांना तेवढंच सांगा: सात ते नऊ आईंचा टीव्ही. सकाळी मुलगी शाळेत, मिस्टर कामावर गेले की दुपारपर्यंत टीव्ही रिकामाच असतो, तो वेळ तुमचा. आयुष्य एसटीत काढलेल्या माणसाला वेळापत्रक खुपायचं नाही. खुपेल ते "टीव्ही सगळ्यांचा आहे हो अण्णा" असं मोघम बोलणं, कारण त्यात "तुम्ही सोडून" हे न म्हणता ऐकू येतं.

मुलीच्या मैत्रिणी येतात तेव्हाचं मी फार मनावर घेणार नाही. नववीतल्या मुलीला घरातल्या सगळ्याच गोष्टींनी कसंनुसं होतं, टीव्ही नसता तर पडद्यांच्या रंगानं झालं असतं. उलट तो कास्ट करण्याचा आणि अक्षर मोठं करण्याचा उद्योग तिच्याकडेच सोपवा. मिस्टरांनी शिकवलं तर ते दोन मिनिटांत स्वतःच सगळं करून उठतील आणि अण्णांना काहीच कळणार नाही. फक्त एक अट घाला: रिमोट किंवा माउस तिनं हातात घ्यायचा नाही. बसून सांगायचं, करायचं अण्णांनी.

जुना टीव्ही काढला असेल आणि माळ्यावर असेल तर "तो त्यांना बेडरूममध्ये लावून देऊ" असा विचार तुमच्याही मनात आला असेल. या सदराला अशी पत्रं आणखी येतात आणि त्यांत हा उपाय हमखास असतो. ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी जरूर करावा, जुन्या टीव्हीला एचडीएमआयचं भोक असलं की पुरे. पण वन बीएचकेत बेडरूम तुमची. तिथे अण्णांना दिवसभर बसवायचं म्हणजे त्यांनाही अवघड आणि तुम्हालाही. मी तरी हा उपाय सगळ्यात शेवटी ठेवीन.

आता तुमच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद. "त्यात आणखी एक" म्हणून तुम्ही तो जोडलाय, पण पत्र लिहायला तुम्ही बसलात ते बहुधा त्याच्यामुळे.

यंत्राचं उत्तर सोपं आहे. टीव्ही आणला त्या दिवशी सगळं तुम्हीच लावलंत, म्हणून टीव्हीत तुमचं गूगल खातं आहे. तुमचा फोन आणि टीव्ही यूट्यूबच्या लेखी एकच माणूस. तुम्ही स्वयंपाकघरात जे बघता त्याचं नातेवाईक-गोत्र तो हॉलमध्ये मांडतो, आणि अण्णा जे शोधतात ते तुमच्या फोनवर येतं. (तुमच्या फोनवर मध्येच नाट्यगीतं का येतात, हे कोडं आता सुटलं असेल.) अण्णांच्या फोनमध्ये त्यांचं स्वतःचं खातं असेलच, ते टीव्हीवर जोडा आणि तुमचं काढून टाका. किंवा यूट्यूबमध्ये खात्याशिवाय, पाहुणा म्हणून वापरायची सोय आहे, ती निवडा. काही बघायचं आणि मागे ठेवायचं नसेल तर फोनच्या यूट्यूब सेटिंगमध्ये पाहिलेल्याचा इतिहास थांबवता येतो. शिवाय टीव्ही स्वतःही बघत असतो. पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवण्याची सोय बऱ्याच स्मार्ट टीव्हींत असते, एचडीएमआयनं जोडलेलं असलं तरी. ग्राहकांना न विचारता हे केलं म्हणून अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २२ लाख डॉलर मोजावे लागले होते. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' अशा नावानं ते सापडतं. बंद केलं तर टीव्ही बघण्यात काही फरक पडत नाही. हे सगळं करायला एक रविवार सकाळ पुरे.

पण खातं बदललं म्हणून अण्णांनी पाहिलेलं पुसलं जाणार नाही.

ती घरं तुम्ही कुणासाठी बघत होता हे पत्रात नाही, आणि मी विचारत नाही. सगळ्यांना पुरेल अशी जागा असेल. तुम्हा तिघांपुरतीही असेल. किंवा उगाच, पावसाळ्यात माणूस महाबळेश्वरची हॉटेलं बघतो तसं. तिन्हीत काही गुन्हा नाही. पण अण्णांना हे तिन्ही वेगवेगळे दिसलेले नाहीत. त्यांना दिसल्या त्या रिकाम्या खोल्या, एकामागून एक. ओरडले नाहीत, मुलाकडे बोलले नाहीत. सरळ तुम्हालाच विचारलं, तेही भाड्याचा आकडा विचारण्याच्या आडोशानं. दुखावलेला माणूस असा प्रश्न विचारतो, आणि नुसता उत्सुक माणूसही अगदी असाच विचारतो. कुठला ते तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं असेल, मला इथून कळणार नाही. त्या दिवसापासून तुमच्या मनात मात्र टीव्ही म्हणजे चुगली करणारं यंत्र झालाय, आणि त्याच्यासमोर बसणारे अण्णा म्हणजे साक्षीदार. स्टूल तुम्हाला इतकं खुपतंय त्यात याचा वाटा किती, हे एकदा स्वतःशी तपासून बघा.

क्रम मी असा ठेवला असता. या आठवड्यात अण्णांना चष्म्याच्या नंबरासाठी न्यायचं, आणि मिस्टरांबरोबर न पाठवता तुम्ही जायचं. रिक्षात जाताना किंवा नंबर लागेपर्यंत बाकावर बसल्यावर, "त्या दिवशी तुम्ही भाडी विचारलीत ना," असं म्हणून जो खरा असेल तो आकडा सांगायचा. टू बीएचकेला अमुक, डिपॉझिट तमुक. कशासाठी बघत होतात तेही तिथेच, जेवढं सांगता येईल तेवढं. जागा सगळ्यांसाठी बघत असाल तर त्यांनाही शोधायला बसवा, सातबाऱ्यातून गाव काढणारा माणूस ठाण्यात टू बीएचके सहज काढेल. वेगळं व्हायचं मनात असेल तर ते आधी मिस्टरांशी बोलून मगच बाकावर बसा. चष्मा तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर स्टूल राहू दे तिथेच.